दिवाळीनंतरची शाळा

आमच्या शाळेचं वर्ष दोनदा सुरू होतं. एकदा जूनमध्ये, साऱ्या महाराष्ट्राबरोबर. दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, गाव अर्धं रिकामं झाल्यावर. बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्रशालेत मी शिकवते. बालाघाटातली मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस, विहिरींना जेमतेम दिवाळीपर्यंत पुरणारं पाणी. दसरा झाला की मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या लागतात आणि टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरला, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यात आगाऊ घेतलेली उचल त्या कोयत्यानेच फेडायची असते, म्हणून हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येणं नाही. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी लेकरं.

सरकारी कागदावर या मुलांचा प्रश्न गळतीचा आहे आणि त्यावर उपायही आहेत. शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचं हंगामी वसतिगृह आहे. आई-बापाबरोबर गेलेल्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. या योजनांमुळे मुलं शाळेत टिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण वर्गात बसलेलं मूल बरं आहे, असं हजेरीपटावरून कळत नाही. आमच्याकडे मुलं वसतिगृहात दोन वेळ जेवतात आणि रात्री आजी-आजोबांकडे झोपायला जातात. त्या रात्रीबद्दल कुठल्याही रजिस्टरमध्ये रकाना नाही.

दिवाळीनंतर वर्ग बदलतो. जून ते ऑक्टोबर बडबड करणारी पोरं गप्प होतात. पाचवी-सहावीतली मुलं क्षुल्लक कारणावरून एकमेकांच्या अंगावर जातात. कोणी अंथरूण ओलं करायला लागतं आणि आजी ते शेजारणीला सांगते, शाळेला नाही. आठवी-नववीतल्या मुली पहाटे उठून भाकऱ्या थापून, धाकट्याला आंघोळ घालून, आजीला चहा देऊन शाळेत येतात आणि तिसऱ्या तासाला पेंगतात. यातल्या बहुतेकांना आजार नसतो. आई नाही म्हणून येणारं दुःख हे दुःखच असतं, त्याला गोळी नको. पण काहींना आजार असतो आणि तो याच गप्प बसण्यात लपून जातो. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन. ते दोन-तीन कोण, हे ओळखायचं काम एकट्या शिक्षकाला जमत नाही. मला तरी जमलेलं नाही. जमलं ते चार माणसं एकमेकांशी बोलली तेव्हा.

सातवीतला एक मुलगा आठवड्यातून एकदा-दोनदा पोट धरून बसायचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं आणि पोटात काही नाही असं सांगितलं. वर्गात त्याला ढोंगी ठरवायला एवढं पुरलं. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी बोलता बोलता निघालं की पोट दुखायच्या आदल्या संध्याकाळी तो जेवत नाही, ताट पुढे सरकवतो. त्याच्या आजीकडे गेले तर ती म्हणाली, "ज्या दिशी फोन लागत न्हाई ना माय, त्या रातीला ते झोपतच न्हाई. दार उघडून बसतंय." आदल्या हंगामात त्यांच्या टोळीतला ट्रॅक्टर उलटला होता. त्यात याच्या घरचं कोणी नव्हतं, पण बापाचा फोन बंद लागला की या पोराच्या डोळ्यांपुढे तो ट्रॅक्टर यायचा. आजीला रात्र ठाऊक होती, मावशींना ताट ठाऊक होतं, आम्हाला दुसऱ्या दिवशीचं पोट ठाऊक होतं. तीन-चार माणसं एकाच गावात, रोज एकमेकांसमोरून जाणारी. आणि मुलाची गोष्ट तिघांकडे तुकड्यांनी पडून होती.

उपाय साधा निघाला. मुकादमाशी बोलून ठरलं की बापाच्या फोनला चार्जिंग नसेल तर रात्री ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या फोनवरून नुसता मिस्ड कॉल द्यायचा. पोटदुखी एकदम थांबली नाही, हळूहळू विरळ झाली. यात समुपदेशन म्हणावं असं काही नव्हतं. पण मानसिक आरोग्य म्हणून जे काही काम मी करते त्यातलं बरंचसं असंच असतं, आणि ते कमी दर्जाचं आहे असं मला वाटत नाही.

या कामात सगळ्यात मोठी अडचण निघाली ती आमच्याच फोनची. शाळेतून फोन आला की उसाच्या फडावरची आई पहिल्यांदा विचारते, "काय केलं त्यानं, मॅडम?" शाळा फोन करते ती तक्रार करायला, हे तिला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने माहीत असतं. मग ती घाबरते, बाप चिडतो, रात्री फोनवरून पोराला शिव्या बसतात आणि पोर पुन्हा कधी आमच्याशी बोलत नाही. म्हणून आमच्या शाळेत आम्ही काही शिक्षकांनी ठरवलं की टोळी गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरी एक फोन करायचा आणि त्यात तक्रार एकही नाही. काय सांगायचं? पोराने केस कापले. कविता म्हणून दाखवली. नवा मित्र झाला. धाकटीचा दात पडला आणि तिने तो कंपासपेटीत ठेवला आहे. असल्या बातम्या ऐकून बायका फोनवर रडतात. पुरुष आधी हजेरीचं विचारतात आणि मग हळूच म्हणतात, दाताचं परत सांगा.

फोन कधी करायचा हेही शिकावं लागतं. तोडीची माणसं पहाटे तीन-चारला उठतात. दिवसभर तोड, मोळ्या बांधणं, मग गाडी भरणं. कधी गाडी रात्री बाराला येते. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, चूल पेटल्यावर तासभर माणूस सापडतं, तेवढीच वेळ. आणि शाळेची पालकसभा असते कामाच्या दिवशी सकाळी अकराला. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. मग सभेला कोणी आलं नाही की अहवालात 'पालक उदासीन' असं लिहिलं जातं. हे वाक्य मी कुठेही वाचलं की मला राग येतो. शेकडो किलोमीटरवरून, रात्री नऊ वाजता, अंगावर पाचटाचे ओरखडे घेऊन जी बाई पोराच्या दाताची चौकशी करते ती उदासीन नाही.

दुसरी गोष्ट आम्ही सुरू केली ती टोळ्या निघायच्या आधीची सभा. नवरात्रात, संध्याकाळच्या आरतीनंतर, देवळाच्या सभामंडपात. शाळेत बोलावलं तर येत नाहीत, देवळात सगळे असतातच. तिथे आशाताई येतात, अंगणवाडीताई येतात, सरपंच, ग्रामसेवक, वसतिगृहाच्या मावशी आणि हो, मुकादमही. मुकादमाला बोलावण्यावर आमच्यात वाद झाले होते. पैशाच्या व्यवहारात तो कसा वागतो हे गावाला माहीत आहे. पण हंगामाच्या सहा महिन्यांत आई-बापापर्यंत पोचायची खात्रीची वाट त्याच्याकडूनच जाते. मुलासाठी त्याच्याशीही बोलावं, असं माझं मत झालं आहे आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

या सभेत एक वही भरतो. प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहितो की रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार, फोन कोणाचा, मुकादमाचा नंबर कोणता, घरात कोणी आजारी किंवा दारू पिणारं आहे का. शेवटचा रकाना मुलाने स्वतः भरायचा: काही झालं तर तू कोणाला सांगशील? हा रकाना मी दरवर्षी सगळ्यात आधी वाचते. मुलं काय काय नावं देतात! मोठी बहीण, चुलती, किराणा दुकानवाला आजोबा, रात्री क्रिकेट खेळवणारा दादा, वसतिगृहाच्या मावशी, एकीने तर गावात बांगड्या घेऊन येणाऱ्या कासारणीचं नाव दिलं होतं. शिक्षकाचं नाव क्वचित.

ते क्वचितच असणार, हे समजायला मला एका अभ्यासाने मदत केली. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून जास्त शाळांमध्ये गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने एक मोठा प्रयोग केला होता. काही शाळांत गावातलीच, थोडं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं मुलांसाठी नेमली, काही शाळांत तेच काम शिक्षकांना दिलं. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. नेमलेल्या माणसांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांनी केलं तिथे फरक पडला नाही. मी शिक्षिका आहे, तरी मला हे पटतं. मी मार्क देते, गैरहजेरी लावते, वर्गात रागावते. त्याच तोंडाने मी म्हणाले की मन मोकळं कर, तर मुलाने का करावं? केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करतात. त्या प्रशिक्षणात भावनिक आरोग्याचा भाग चांगला आहे आणि मला त्याचा उपयोग झाला. पण शिक्षकाचं खरं काम मुलाने निवडलेल्या माणसापर्यंत पोचणं आणि त्या माणसाला सांगणं की हे पोर तुमच्यावर विसंबलं आहे. किराणा दुकानवाले आजोबा हे ऐकून गल्ल्यावरून उठून उभे राहिले होते.

आता अवघड गोष्ट सांगते. एका जानेवारीत दहावीतल्या मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर आपल्याला जगायचं नाही, असं लिहिलं. त्याच्या मित्राने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मला येऊन सांगितलं. सांगताना तो थरथरत होता, कारण मित्राचं गुपित फोडतो आहोत असं त्याला वाटत होतं. मी त्या मुलाला ग्रंथालयाच्या खोलीत घेऊन बसले आणि सरळ विचारलं, की जीव द्यायचा विचार येतो का? असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरेल, ही भीती आपल्याकडे फार आहे. मानसोपचाराचे जाणकार सांगतात की विचारल्याने विचार शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. तो हो म्हणाला. बऱ्याच दिवसांपासून झोप नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, बहिणीच्या लग्नाची उचल दोन हंगाम फिटणार नाही, दहावीत नापास झालो तर काय. बोलताना तो रडला नाही. एकाच सुरात बोलत राहिला, त्याचंच मला भय वाटलं.

पुढचे दोन दिवस त्याला एकटं सोडलं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतून टेलिमानसला, १४४१६ला, फोन लावला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे, चोवीस तास, मराठीत, मोफत. पलीकडचे समुपदेशक आधी त्याच्याशी बराच वेळ बोलले, मग माझ्याशी. लवकरात लवकर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा आणि तोवर कोणीतरी सोबत असू द्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आशाताईंनी घरचा भाग उचलला. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५मध्ये शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आशाताई घरोघरी ताणतणावाचे प्रश्न विचारत फिरल्या आहेत. कोणत्या घरात काय बोलायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा कळतं. त्यांनी आजीला न घाबरवता शेतीची औषधं घरातून हलवून शेजारच्या कुलपात ठेवली आणि मुलाच्या चुलतभावाला रात्री तिथे झोपायला पाठवलं.

आजोबा मात्र अडून बसले. शेजारच्या गावातल्या देवऋष्याकडे न्यायचं म्हणाले. शिवाय त्यांना वाटत होतं की दवाखान्यात असलं काही सांगितलं तर पोलिस केस होईल. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही गोष्ट बदलली आहे. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरतो, त्याच्यावर खटला भरला जात नाही, उलट त्याला उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. इथे तर प्रयत्नही झालेला नव्हता. हे मी समजावलं, सरपंचांनी समजावलं. उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो देवळातल्या महाराजांचा. रोज हरिपाठ घेणारे, आजोबांच्या वयाचे. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, मी तुमच्याबरोबर गाडीत बसतो, आधी अंबाजोगाईला जाऊन येऊ.

आई-बाप कर्नाटकात, बेळगावकडे होते. आम्ही सगळे धरून चाललो होतो की बापाला बोलवायचं. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, आई येऊ द्या. मुकादमाने आधी नकार दिला. उचल बाकी आहे, जोडीतलं एक माणूस गेलं तर गाडी भरणार कशी, खाडा पडणार. सरपंच त्याच्याशी बोलले, वसतिगृहाच्या मावशी बोलल्या, शेवटी त्याची स्वतःची बायको बोलली, जिचा भाचा याच वर्गात होता. तिसऱ्या दिवशी पहाटे आई एसटीतून उतरली. मुलगा तिला न्यायला फाट्यावर गेला होता. दोघं काही बोलली नाहीत, तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांनी नैराश्य असल्याचं सांगितलं, औषध सुरू केलं, आणि परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतील तोवर धीर सोडू नका, असं आईला मराठवाड्याच्या बोलीत समजावलं. ही गोष्ट त्यांनी आईला सांगितली याचं महत्त्व मोठं आहे, कारण पहिल्या आठवड्यात गुण आला नाही की औषध बंद होतं आणि माणसं देवऋष्याकडे वळतात. आई पंधरा दिवस राहिली. तिची मजुरी कापली गेली, ती भरून निघाली नाही. मुलगा दहावीला बसला, बेताच्या मार्कांनी पास झाला, आज आयटीआय करून कामाला लागला आहे. औषध कधी थांबवायचं हे डॉक्टरांनी ठरवलं, घरच्यांनी नाही. त्याच्या मित्राला मी आजही सांगते की त्या सकाळी तू बोललास ते बरोबर केलंस.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव संपवला, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे हे आकडे वाचले की मला तो मित्र आठवतो. प्रत्येक आकड्याच्या आसपास कोणाला तरी काहीतरी दिसलेलं असणार.

गावाला जोडून घ्यायचं म्हणताना एक धोका मात्र नीट ओळखला पाहिजे. गाव आधार देतं तसं गाव जिभेनेही मारतं. दहावीतला तो मुलगा अंबाजोगाईहून परतायच्या आत पारावर चर्चा पोचली होती. वर्गात काय सांगायचं हे आम्ही त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "बरं नव्हतं, औषध चालू आहे, एवढंच सांगा." तेवढंच सांगितलं. त्याहून जास्त विचारणाऱ्या पालकांना मी आणि मुख्याध्यापकांनी एकच उत्तर दिलं, की ते त्याचं त्याला सांगू द्या.

नववीतल्या एका मुलीच्या बाबतीत हे आणखी नाजूक होतं. तिचं लिहिणं बंद झालं होतं, हाताची नखं खाऊन रक्त यायचं. बऱ्याच दिवसांनी अंगणवाडीताईंना कळलं की टोळी निघायच्या आधी तिचं लग्न उरकायचं चाललं आहे, कारण वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीजवळ एकटी कशी ठेवायची? बीड जिल्ह्यात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. यामागे आई-बापाचा दुष्टपणा नसतो, भीती असते, आणि ती भीती खोटी नसते. ग्रामसेवक हे आमच्याकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, कायदा आहे. पण मुलगी म्हणाली, "आईला सांगा, काकाला सांगू नका. काका मला मारतील आणि आईलाही." तिचं ते 'कोणाला' आणि 'कोणाला नाही' आम्ही अक्षरशः पाळलं. अंगणवाडीताई आधी आईशी एकटीशी बोलल्या. भीती नेमकी रात्रीची आहे हे कळल्यावर उत्तर शोधता आलं: मुलीची मावशी हंगामभर येऊन राहिली आणि पुढच्या वर्षी मुलीला मुलींच्या वसतिगृहात प्रवेश मिळाला. ग्रामसेवकांनी घरी जाऊन कायद्याची जाणीव करून दिली, तीही गावातली चार घरं एकत्र बोलावून, म्हणजे एका घरावर बोट राहिलं नाही. आईला बळ मिळालं. काकांचा राग अजून आहे.

अशा वेळी मी एकच पथ्य पाळते. मुलाच्या जिवाला धोका असेल तर गुपित ठेवत नाही, आणि ते ठेवणार नाही हे मुलाला आधीच सांगते. बाकी सगळं मुलाला विचारून.

आणखी एका महिन्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सगळ्यांचं लक्ष हंगामावर असतं, पण मुलांसाठी पट्टा पडल्यानंतरचा महिना कधीकधी जास्त जड जातो. आई-बाप परत येतात. धाकटं पोर आईकडे जायला बिचकतं, ते आजीच्या पदराआड लपतं आणि आईला ते लागतं. मुकादमाबरोबर हिशेब होतो, बाकी निघते, घरात भांडणं होतात, कोणाची दारू वाढते. सहा महिने घर चालवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला अचानक पुन्हा लहान व्हायला सांगतात. आणि नेमकी तेव्हाच परीक्षा संपून शाळेला सुटी लागते. म्हणून एप्रिलअखेरीची एक घरभेट आम्ही आशाताईंबरोबर वाटून घेतो. नुसतं ओट्यावर बसून चहा प्यायचा, मुलाच्या वर्षभराच्या चार चांगल्या गोष्टी आई-बापासमोर सांगायच्या. पुष्कळ बायका त्या ओट्यावरच पहिल्यांदा विचारतात, की मी नव्हते तेव्हा हिने काय काय केलं?

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यात आहे. आमच्यासारख्या शाळेला समुपदेशक मिळाला तर मी त्याचं मनापासून स्वागत करीन. त्याच्या हातात सर्वांत आधी ती नवरात्रातली वही ठेवीन.

तोवर हे वाचणाऱ्यांकडे दोन मागण्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या शिक्षकांनो, दिवाळीनंतर तुमच्या शिवारात कोप्या पडल्या की तिथली मुलं वर्गात घ्याच, पण त्यांच्या मूळ शाळेला एक फोनही करा. मुलाबद्दल आम्हाला जे माहीत आहे ते तुमच्या कामाला येईल. आणि साखर कारखान्यांच्या संचालकांनो, मुकादमांनो, टोळीच्या करारात एक ओळ वाढवा: लेकराच्या आजारपणासाठी आई किंवा बाप गावी गेला तर त्याचा खाडा धरू नये.